भंतेंचं नवं चीवर

"आणि मग?" भंते उपसेनांनी विचारलं.

"मग बंद पडतो," मोनाली म्हणाली. "आपोआप. आधी पंखा घुरघुरतो, मग किंचाळतो, मग टक्... आणि सगळं काळं."

टक् म्हणताना ती स्वतःच दचकली.

भंते चिंचेच्या सावलीत बसले होते. वैनगंगेच्या काठची टेकडी, टेकडीवर छोटा बुद्धविहार, विहाराला चिकटून दोन खोल्या, एक अभ्यासिकेची, एक भंतेंची, आणि म्हातारे भंते. एवढाच काय तो पसारा.

आज बुद्धपौर्णिमा होती. सकाळची वंदना आटोपून, खीर खाऊन गाव घरोघर पांगलं होतं. संध्याकाळी ते पुन्हा येणार होतं, कॉम्प्युटर बघायला. अभ्यासिकेत भरतीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी कॉम्प्युटर घ्यायचा असं गावानं ठरवलं, तेव्हा मोनाली भर सभेत उठून म्हणाली होती, "तयार कशाला आणता? सुटे भाग आणा, मी जोडते. मी इंजिनियर आहे."

शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती, हे तिला आता पटत होतं.

जोडला मात्र तिनं एकटीनं. दिवे लागले, पडदा उजळला, तिनं स्वतःसाठी स्वतःच टाळ्या वाजवल्या. मग कौतुकानं बघत चहाचा कप तोंडाला लावला. चहा संपायच्या आत कॉम्प्युटर संपला.

"तापतं काय नेमकं?" भंतेंनी विचारलं.

"प्रोसेसर. म्हणजे त्याचा मेंदू, भंते. एवढासा, बिस्किटाएवढा."

"काम करतो तो तापणारच."

"तापू दे ना! पण ती उष्णता निघून जायला पाहिजे. म्हणून त्याच्या डोक्यावर धातूचा ठोकळा बसवतात. ठोकळा उष्णता ओढून घेतो आणि ठोकळ्यावरचा पंखा ती उडवून लावतो."

"मग उडत नाही?"

"तेच तर! पंख्यासमोर हात धरला तर हवा गार लागते. आत मेंदू जळतोय आणि बाहेर येते ती हवा गार!"

भंतेंनी मान डोलावली.

"असे पुष्कळ लोक येतात माझ्याकडे."

मोनालीला हसू आलं नाही. संध्याकाळी सगळ्या गावासमोर टक् होणार होतं. 'इंजिनियर बाईंनी जोडलाय' असं कोणीतरी मागून म्हणणार होतं. ते ऐकायला यायच्या आधीच तिचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात अभ्यासिकेकडून घर्रर्र असा आवाज आला. मोनाली दोन हात उडाली आणि तिकडे धावली.

शेवंताबाई विहारातला भलामोठा कुलर ढकलत चालल्या होत्या. शेवंताबाई म्हणजे गावच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष आणि विहाराला दान आलेल्या प्रत्येक वस्तूच्या जन्मभराच्या राखणदार.

"सरक वं पोरी! माणसं भाजून राह्यली या उन्हात, तं यंत्राचं काय घेऊन बसली? लाव हा कुलर त्याच्या तोंडापुढं."

"काकू, नको! त्यातून पाणी उडतं!"

"उडू दे. थंड होईन."

"काकू, शॉर्ट होईल! शॉर्ट!"

शेवंताबाईंनी दारातच कुलर सुरू करून दाखवला. पाण्याचा एक थेंब मोनालीच्या मानेवर पडला आणि ती अशी ओरडली, की चिंचेवरचे पोपट उडून गेले. भंते पोट धरून हसले.

कुलर जिथून आला तिथं परत गेला. जाताना त्याच्या बाजूंची प्लॅस्टिकची पन्नी फडफडत होती.

कारण कुलरला पन्नी होती. पन्नी सगळ्यालाच होती. दानाची वस्तू नवीच्या नवी राहिली पाहिजे, असा शेवंताबाईंचा दंडक. दुकानातून येताना जी पारदर्शक पन्नी गुंडाळलेली असते ती काढायची नाही. खुर्च्या पन्नीत, भिंतीवरचं घड्याळ पन्नीत, पुस्तकांचं कपाट पन्नीत. गेल्या वर्षी दान मिळालेली बुद्धमूर्ती, तीही पन्नीत. खुर्चीवर बसलं की चर्र वाजायचं. उठलं की पन्नी थोडी बरोबर यायची.

"काकू," मोनाली त्यांना जाता-येता टोचायची, "निदान बुद्धांना तरी श्वास घेऊ द्या!"

"तुह्या कॉलेजात धूळ नसन," शेवंताबाई म्हणायच्या. "इथं हाय."

भंते यात कधी पडले नव्हते.

"तू काय काय केलंस?" मोनाली चिंचेखाली परतल्यावर त्यांनी तिला विचारलं.

मोनाली सरसावून बसली. हा प्रश्न तिला आवडला.

"ठोकळ्याखाली पेस्ट लावतात, उष्णता चांगली जावी म्हणून. ती लावली, भरपूर लावली. कॅबिनेटला आणखी दोन पंखे लावले. पंख्यांचा वेग वाढवला. स्क्रू आणखी आवळले. ताप दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. आता आणखी एक पंखा मागवावा म्हणते."

"लावलं पुष्कळ," भंते म्हणाले.

"हो!"

"काढलं काय?"

"काढलं...?" मोनाली गोंधळली. "काढण्यासारखं काही नाहीच, भंते. सगळं नवीन आहे."

"तो ठोकळा खालून कसा आहे?"

"एकदम आरसा! चकचकीत."

"हात लावून पाहिलास?"

"छे! हात लावायचाच नसतो त्याला. बोटाचा ठसासुद्धा चालत नाही. मी कडेनं धरला, दोन बोटांनी. श्वाससुद्धा रोखून धरला होता."

"म्हणजे लांबून नमस्कार केलास."

मोनालीला हे थोडं झोंबलं. इतक्या निगुतीनं केलेल्या कामाला भंते नमस्कार म्हणत होते.

"ध्यानाचं कसं चाललंय तुझं?" भंतेंनी विचारलं.

"भंते, आपण कॉम्प्युटरचं बोलतोय ना?"

"मी कुठं दुसरं बोलतोय?"

मोनालीनं उसासा टाकला. वर्षभर ती रोज पहाटे विहारात ध्यानाला बसत होती. सगळ्यात पुढं, ताठ पाठीनं.

"नवीन आसन आणलं. कानात बोळे घालते. डोळ्यांवर पट्टी बांधते. मोबाईलवर घंटा लावली आहे, मन भटकलं तर परत यावं म्हणून." ती थांबली. "पण ती वाजली की मी दचकते."

"आणि?"

"आणि काही नाही, भंते." तिचा आवाज उतरला. "आत काही लागतच नाही. सगळं वरवरून जातं..."

भंते गुडघ्यावर हात रोवून उठले, आपल्या खोलीत गेले.

बराच वेळ आले नाहीत. मोनालीला वाटलं, चिडले.

मग भंते बाहेर आले. सकाळीच महिला मंडळानं त्यांना नवं चीवर, भिक्षूंचं पांघरायचं वस्त्र, दान दिलं होतं. ते त्यांनी डाव्या खांद्यावर घेतलं होतं. घडी न मोडता. पन्नीच्या पाकिटासकट.

ते शांतपणे चिंचेखाली येऊन बसले. पाकीट सळसळत खांद्यावरून मांडीत घसरलं. त्यांनी ते उचलून पुन्हा खांद्यावर ठेवलं.

मोनाली बघतच राहिली. विचारावं कसं? भंते म्हातारे झाले होते. ऊनही फार होतं...

मध्यान्ह व्हायच्या आत भंतेंचं जेवण व्हायला हवं, म्हणून शेवंताबाई खिरीचं पातेलं घेऊन आल्या. आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"भंते... हे काय?"

"चीवर. तुम्हीच दिलंत ना? पांघरलं."

पाकीट पुन्हा घसरलं. भंतेंनी पुन्हा ठेवलं.

"भंते, पन्नी तं काढा!"

"कशाला?" भंते म्हणाले. "दानाची वस्तू आहे. नवी राहील."

"अहो पण अंगाले लागन कशी ते? पन्नीतलं चीवर कोणी पांघरते का? मधात पन्नी असल्यावर चीवर असून काय अन् नसून..."

शेवंताबाईंचं वाक्य तिथंच अडलं.

हातात पातेलं तसंच. नजर मात्र भंतेंच्या खांद्यावरून निघाली, विहाराच्या उघड्या दारातून आत गेली आणि पन्नीतल्या मूर्तीवर जाऊन थांबली.

मोनालीची नजर पाकिटावरच खिळली होती.

"बाप रे!" मोनाली किंचाळली. शेवंताबाईंच्या हातातलं पातेलं सांडता सांडता राहिलं. तोवर मोनाली अभ्यासिकेत पोचलीसुद्धा होती.

तिनं वायर काढली, कॅबिनेट आडवं केलं, थोडा वेळ निवू दिलं. मग इतक्या जोरानं आवळलेले स्क्रू एकेक करून सोडवले. ठोकळा उचलला, उलटा केला आणि पहिल्यांदाच त्याला अंगठा लावला.

अंगठा सरकला. त्याच्याबरोबर आरसाही सरकला.

चकचकीत होता तो ठोकळा नव्हताच. ती त्याच्यावरची पन्नी होती. कांद्याच्या सालीइतकी पातळ, आरपार दिसणारी. पेस्टचा जाड थर सगळा तिच्यावरच बसला होता. कोपऱ्यात बारीक लाल अक्षरात लिहिलं होतं, बसवण्याआधी काढा. माहितीपुस्तिका तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती. हे वाचायला मात्र ठोकळा जरा जवळ घ्यावा लागला असता.

तिनं टोक धरून ओढलं. चर्र...

मोनाली एकटीच खो खो हसत सुटली. मग कोणी ऐकलं तर, म्हणून तोंडावर हात ठेवला.

"काय सापडलं वं?" दारात शेवंताबाई.

मोनालीनं हात पाठीमागे नेला. "काही नाही, काकू."

"दाखव."

"काही नाही म्हटलं ना."

"दाखव म्हणतो ना!"

मोनालीनं हात पुढे केला. बोटांना राखाडी पेस्ट, चिमटीत लोंबणारी पन्नी.

शेवंताबाईंनी पन्नीकडे पाहिलं, मोनालीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं त्याला वर्षभराचं व्याज होतं.

"व माय! पोरी, निदान त्याले तरी श्वास घेऊ द्यायचा असता!"

मग दोघी इतक्या हसल्या, की शेवंताबाईंना खुर्चीवर बसावं लागलं. खुर्ची चर्र वाजली आणि त्या पुन्हा हसल्या.

मोनालीनं ठोकळा पुसला. खाली साधा, फिकट धातू होता, आरशापेक्षा कितीतरी मळकट. वाटाण्याएवढीच पेस्ट लावून तिनं तो परत बसवला आणि बटण दाबलं.

पंखा घुरघुरला नाही. ती टक् ची वाट बघत बसली. टक् झालं नाही. तिनं भीत भीत पंख्यासमोर हात धरला.

हवा गरम होती.

वैशाखाच्या भर दुपारी, अंगाला गरम हवा लागली म्हणून एक मुलगी आनंदानं नाचली. नाचता नाचता जास्तीचे दोन्ही पंखेही काढून टाकले.

"मोनाली, इकडं ये वं! लवकर ये!" विहारातून शेवंताबाईंची हाक आली.

ती घाबरून धावली. शेवंताबाई मूर्तीसमोर उभ्या होत्या. पायाशी पन्नीचा ढीग.

"हसून राह्यले," शेवंताबाई हळूच म्हणाल्या.

"कोण?"

"बुद्ध. पाह्य, ओठ पाह्य. वर्षभर रोज फुलं वाहतो मी. मले दिसलंच नाही... नुसता ट्यूबलाइट दिसे पन्नीवर."

मोनाली काहीतरी टोचणारं बोलणार होती. तिनं तिथंच पडलेला फडका उचलला आणि मूर्तीच्या पायाशी बसून पुसायला लागली.

संध्याकाळी गाव आलं. अभ्यासिकेतल्या पोरींनी पहिली सराव परीक्षा दिली आणि कॉम्प्युटर शेवटच्या प्रश्नापर्यंत शहाण्यासारखा चालला. 'आपल्या मोनालीनं जोडलाय' असं कोणीतरी मागून म्हणालं. ती तरीही दचकलीच. शेवंताबाईंनी झाली गोष्ट कोणालाही सांगितली नाही. मंडळातल्या बायका सोडून.

गाव परतलं तशी मोनाली चिंचेकडे धावत आली. भंते नवं चीवर पांघरून बसले होते. रिकामं पाकीट शेजारी पडलं होतं.

"भंते, समजलं मला! सगळं समजलं! लावायचं नाही, काढायचं. मध्ये काही ठेवायचं नाही. हो ना?"

उत्तराची वाट न बघता तिनं मूठ पुढे केली.

"मी हे आयुष्यभर विसरणार नाही." तिनं मूठ उघडली. तळहातावर ठोकळ्यावरची ती पन्नी होती, स्वच्छ धुतलेली, नीट घडी घातलेली. "उद्यापासून ध्यानाला बसताना ही रोज समोर ठेवणार. फक्त मळायला नको... भंते, तुमचं ते रिकामं पाकीट देता का? त्यात घालून ठेवते."

भंतेंनी तिच्याकडे पाहिलं. मग पाकिटाकडे पाहिलं.

मग त्यांनी खांद्यावरचं चीवर सावकाश उतरवलं, मांडीवर घेतलं आणि काठाला काठ जुळवून घडी घालायला लागले.

"हे काय करताय, भंते?"

"थांब जरा," भंते म्हणाले. "आधी माझं चीवर आत जाऊ दे. जागा उरली, तर मग तुझी पन्नी घाल."