बेचाळीस भट्ट्यांचा डॉक्टर

“पण तात्या, या भट्टीचा काळ कोणता?”

“सोमवारी पेटवली. काल निवली.”

डॉ. श्रीरंग नेवाळकरांनी वही उघडली होती. ती त्यांनी मिटली.

येसूतात्या चुना भाजत. त्यांचे वडील भाजत, आजा भाजत असे. त्यापलीकडचं त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी आपण होऊन सांगितलं नव्हतं. कांबरवाडीच्या ओढ्याकाठी त्यांची दगडी पोटाची भट्टी होती. मागे दोन खड्डे. एकात यंदाचा चुना पाण्याखाली मुरत पडलेला, दुसऱ्यात तीन वर्षांपूर्वीचा. या दुसऱ्या खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या होत्या, आणि फळ्यांवर तात्या बसले होते.

डॉक्टरांना हवं होतं ते नेमकं तात्यांच्या खाली होतं.

गावच्या जुन्या बारवेची दुरुस्ती निघाली होती आणि काम डॉक्टरांकडे होतं. त्यांनी ताजा चुना विकत आणला, आदल्या दिवशी भिजवला आणि दुसऱ्या दिवशी भिंतीला लावला. आठ दिवसांत भिंतीला देवी आल्या. फोड उठले, फुटले, आणि गिलावा पायऱ्यांवर आला. डॉक्टरांनी त्यावर सव्वीस पानी अहवाल लिहिला आणि तसाच गिलावा पुन्हा केला. भिंतीनं अहवाल वाचला नसावा.

आता गुरुवारी कामाची पाहणी करायला समिती येणार होती. तिला दोन हात भिंत धडपणे लिंपलेली दाखवता आली नाही, तर काम ठेकेदाराकडे जाणार होतं. ठेकेदारानं सिमेंटच्या गोण्या बारवेच्या काठावर आधीच रचून ठेवल्या होत्या. तो आशावादी माणूस होता.

“मुरलेला चुना द्या तात्या. चार घमेली पुरे.”

“देईन की. एक सांगा. चुना तयार झाला, हे वळखायचं कसं?”

डॉक्टर खूश झाले. पाठ केलेलाच प्रश्न परीक्षेत यावा तसे.

“साधारण नऊशे अंशाला चुनखडीतला कर्बवायू निघून जातो. दगडाचं वजन जवळजवळ निम्मं होतं. मग टिचकी मारली की...”

“ते भाजल्याचं झालं. मी तयार झाल्याचं इचारलं.”

“एकच ते.”

“बरं.”

तात्यांची सून शेवंता भट्टीतून खडे काढत होती. तिनं घमेलं खाली ठेवलं. सासऱ्यांच्या त्या ‘बरं’शी तिचा वीस वर्षांचा परिचय होता.

“ही इद्या तुमी शिकला कुटं?”

“इंग्लंडमध्ये. चार वर्षं. तिथल्या खेड्यांमधल्या चुन्याच्या आणि विटांच्या जुन्या भट्ट्या, हाच माझ्या प्रबंधाचा विषय. बेचाळीस भट्ट्या मी स्वतः मोजल्या आहेत. डोंगरउतारावर, कुरणांत, मेंढ्यांच्या कळपात उभं राहून.”

“मेंढरं? भट्टीपाशी?”

“आतसुद्धा बसतात. पाऊस आला की.”

तात्या विचारात पडले.

“मंग चुना भाजताना काय करत्यात?”

“आता भाजत नाहीत हो. संरक्षित आहेत त्या. भोवती कुंपण, माहितीचा फलक, समोर बाक.”

“बाक कशापायी?”

“बसून बघायला. रविवारी लोक डबे घेऊन येतात.”

“काय बघत्यात?”

“भट्टी.”

“इझलेली?”

“हो.”

ओढ्यापलीकडे एक म्हैस हंबरली. तात्यांनी तिचं म्हणणं संपू दिलं.

“बेचाळिसातल्या पेटत्या किती व्हत्या?”

“तात्या, मुद्दा तो नाही.”

“न्हाई, आपलं सहज.”

“...एकही नाही.”

“म्हंजे मढ्याची नाडी बघून वैद्य झालासा.”

शेवंता फस्सकन हसली. डॉक्टर उसळले.

“माझा अपमान करायला बोलावलंत का इथं?”

“म्या कुटं बोलावलं?”

हे खरं होतं, त्यामुळे डॉक्टर आणखी उसळले. तीन देशांतल्या नियतकालिकांत त्यांचे लेख छापून आले होते, ते त्यांनी सांगितलं. सुवर्णपदकाचं सांगितलं. पदकाच्या वेळी कोण काय म्हणालं होतं, तेही सांगितलं. कपाळावरची शीर फुगली, कान लाल झाले.

तात्यांनी शेजारचा तांब्या उचलला आणि पायापाशी पडलेल्या एका भाजलेल्या खड्यावर ओंजळभर पाणी ओतलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग खडा चुरचुरला, फुस्स करून फुगला, तडकला, वाफ सोडत सोडत पीठ होऊन खाली बसला.

“ह्यो बी सकाळीच भट्टीतनं भाईर आलाय,” तात्या म्हणाले.

डॉक्टरांना यात टोमणा दिसला नाही. रसायनशास्त्र दिसलं.

“उत्तम! अगदी शुद्ध आहे!” ते म्हणाले, आणि राग विसरून त्यांनी लिंबाएवढा एक खडा उचलला. “समितीला दाखवायला नमुना.”

खडा पँटच्या उजव्या खिशात गेला.

“खिशात नगं, सायेब.”

“तात्या, चुन्याचं मला शिकवू नका.”

“बरं.”

शेवंता दोन पावलं मागे सरकली.

ऊन तापलं होतं. डॉक्टरांनी बादलीत रुमाल बुडवला, तोंड पुसलं, मान पुसली, आणि रुमाल खिशात कोंबला. सगळी कामं ते उजव्या हातानं करत.

चेहरा गार झाल्यावर त्यांना औदार्य सुचलं.

“खरं सांगू? तुमची ही भट्टीसुद्धा जपली पाहिजे. मी प्रस्ताव पाठवतो. चारी बाजूंनी कुंपण घालू. फलक लावू, वर तुमचं नाव.”

“बाक?”

“बाकसुद्धा.”

“मंग मी भाजू कुटं?”

या प्रश्नाला डॉक्टर काय उत्तर देणार होते, ते कळायला आता मार्ग नाही. कारण त्याच वेळी त्यांच्या उजव्या मांडीतून वाफ निघू लागली.

आधी ते थांबले, विद्वान माणसं नवीन पुरावा दिसल्यावर थांबतात तसे. मग किंचाळले. मग त्यांनी शेजारी ठेवलेल्या आपल्या पाण्याच्या बाटलीकडे झेप घेतली.

तात्या पंच्याहत्तरीचे होते आणि सकाळपासून फळीवरून हलले नव्हते. डॉक्टरांचा हात बाटलीला लागायच्या आत ते तिथं पोचले आणि त्यांनी बाटलीला लाथ मारली. ती ओढ्यात गेली.

“घोटभर पानी टाकू नगा! जास्त पेटंल! आदी पँट सोडा!”

“इथं?”

“मंग काय इंग्लंडात?”

पँट सुटली. शेवंतानं पाठ फिरवली आणि पाठमोरीच पंचा फेकला. नेम उत्तम होता.

तात्यांनी मांडीवरची भुकटी आधी कोरड्या फडक्यानं झटकली. कणही उरला नाही असं बघून मग बादल्यांमागून बादल्या ओतल्या, सात मोजून. एवढं झाल्यावर दिसलं की रुपयाएवढा लाल डाग उठला होता, बाकी डॉक्टर शाबूत होते. पँट भट्टीच्या कडेला पडली होती. खिशाच्या जागी भोक होतं, आणि नमुना कुठंच नव्हता.

बसायला जागा एकच होती. खड्ड्यावरच्या फळ्यांवर, पंचा गुंडाळून, डॉक्टर तात्यांच्या शेजारी बसले.

ओढ्यात बाटली एका दगडाला अडली होती. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. बारवेची भिंत त्यांना आठवत असावी. कच्चा चुना पाणी लागलं की उसळतो, हे तिनंही फोड उठवून दोनदा सांगितलं होतं, पण तिला शब्द नव्हते आणि डॉक्टरांची मांडी भाजली नव्हती.

“बेचाळीस भट्ट्या,” तात्या आपल्याशीच म्हणाले. “आन त्रेचाळिसावी खिशात.”

शेवंतानं पदर तोंडात धरला आणि डॉक्टरांच्या कानांकडे पाहिलं. कान लाल झाले नाहीत.

“हो,” डॉक्टर म्हणाले. “पेटती अशी ही पहिलीच.”

तात्यांनी मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. सकाळपासून प्रथमच.

“इतकी पदकं घेतली, आन वल्ला रुमाल कुटं ठेवावा ते कळंना व्हय?”

“नाही कळलं. तुम्ही सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही.”

म्हैस पुन्हा हंबरली. या वेळी तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

“चुना तयार झाला, हे वळखायचं कसं, सायेब?”

डॉक्टरांनी तोंड उघडलं. नऊशे अंश ओठांपर्यंत आले असावेत. त्यांनी तोंड मिटलं. मग म्हणाले,

“मला माहीत नाही, तात्या.”

तात्या गुडघ्यांवर हात देऊन उठले.

“उठा तर मंग. फळ्या काढायच्यात.”

डॉक्टर पंचा सावरत उठले. तात्यांनी एक एक फळी बाजूला केली. खाली वीतभर निवळ पाणी होतं, आणि पाण्याखाली लोण्यासारखा पांढरा, गुळगुळीत चुना. तीन वर्षं तो तिथं काहीही न बोलता पडून होता.

“शेवंते, चार घमेली भर. पाच भर. भिंत जुनी हाय.”

शेवंतानं घमेलं उचललं नाही. तिला घरातला नियम ठाऊक होता: त्या प्रश्नाचा जवाब मिळाल्याशिवाय मुरलेला चुना द्यायचा नाही. तो मोडलेला तिला चालत नसे.

“पर मामंजी, जवाब कुटं दिला त्यांनी?”

तात्यांनी रिकामा तांब्या फळीवर उपडा ठेवला.

“त्यांच्यावर दोनदा बोलाचं पानी टाकून बघितलं, पोरी,” ते म्हणाले. “आवाज आला न्हाई.”