बसणारे आणि उभे राहणारे

फार फार वर्षांपूर्वी, विलंबी नाम संवत्सरात, फाल्गुन वद्य पंचमीस, शिशिर ऋतू सरत असताना, समुद्रकाठच्या एका राज्याचा खारबांध फुटला. तिथी मुद्दाम सांगते, कारण या गोष्टीत दिवसांना महत्त्व आहे.

खारबांध म्हणजे भरतीचे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध. तो शंभर हात खचला होता. वैशाखी पौर्णिमेला समुद्राला मोठे उधाण येत असे. त्याआधी बांध सांधला नाही, तर सात गावांची जमीन खारट होणार होती. आणि एकदा खारट झालेली जमीन पुढे कित्येक वर्षे भात देत नाही.

त्या राज्याची सारी धडधाकट माणसे होड्या घेऊन समुद्रावर गेली होती. माती खणण्यासाठी चारशे माणसे बाहेरून आणावी लागणार होती. राजाने अमात्यांना बोलावले.

अमात्य विद्वान होते. आपण विद्वान आहोत हे त्यांना इतरांपेक्षा थोडे अधिक ठाऊक होते. ते म्हणाले, “महाराज, घाटावरच्या देशात मनुष्यबळ मुबलक आहे असे ऐकतो. मी स्वतः जाऊन पाहणी करतो. चैत्र शुद्ध नवमीला चारशे माणसे या अंगणात हजर नसली, तर हे पागोटे आपल्या पायाशी ठेवीन.”

अमात्य पालखीतून घाट चढले. त्या देशात धूळ फार, म्हणून ते खाली उतरले नाहीत. पडदा चार बोटे बाजूला करून ते विचारीत, आणि मिळालेले उत्तर मांडीवरच्या वहीत लिहून घेत.

पहिल्याच दारात एक बाई सूत उकलीत होती. अमात्यांनी विचारले, “बाई, तुमचे यजमान काय करतात?”

“बसतात,” ती म्हणाली.

“आणि थोरला मुलगा?”

“तोही आता बसायला लागला. देवाची कृपा, दादा.”

मुलगा रिकामा बसतो यात कृपा कसली, हे अमात्यांना समजले नाही. परंतु समजले नाही ते विचारावे, अशी त्यांची रीत नव्हती. पुढच्या दारी तेच उत्तर, त्याच्या पुढच्या दारी तेच. एका म्हाताऱ्याने तर आपल्या घराण्यात सात पिढ्या सगळे बसतच आले आहेत, असे अभिमानाने सांगितले. अमात्यांनी त्या कुटुंबाच्या नावापुढे दोन फुल्या केल्या.

गावाबाहेर वडाखाली मात्र पुष्कळ माणसे उभी होती. त्यांच्या खांद्यावर कुदळी होत्या, हातात घमेली होती. अमात्यांनी विचारले, “तुम्ही काय करता?”

“आम्ही उभे राहतो, सरकार,” त्यांतला एक म्हणाला.

“रोज?”

“रोज. दिवस उगवल्यापासून.”

अमात्यांचे मन भरून आले. ज्या देशात एवढे लोक बसून खातात, तिथे हे बिचारे खांद्यावर कुदळ घेऊन दिवसभर उभे! यांना कामावरून हलवणे अन्यायाचे होईल. त्यांनी त्या लोकांच्या उद्योगशीलतेची मनापासून स्तुती केली आणि पालखी पुढे नेली. ती माणसे बराच वेळ पालखीकडे पाहत राहिली.

परतताना अमात्यांनी दवंडी पिटवली : या देशातील बसणाऱ्या सर्वांनी चैत्र शुद्ध नवमीला समुद्रकाठच्या राजवाड्यात यावे, त्यांना सरकारी काम मिळेल. वहीत चारशे बारा बसणारे नोंदले होते. बारा जण वाटेत आजारी पडतील, असेही त्यांनी हिशेबात धरले होते.

नवमी उजाडली. राजवाड्याच्या अंगणात चारशे पाने मांडून ठेवली होती. दुपारपर्यंत एकच गृहस्थ आला. नीटनेटका, मऊ हातांचा, आणि त्याच्या काखेत धोतरजोड्यांचे गाठोडे.

“कुदळ कुठे आहे?” अमात्यांनी विचारले.

“कुदळ कशाला? मी तर बसतो.”

“बसता म्हणूनच बोलावले ना!”

“मग माग कुठे आहे?” गृहस्थाने विचारले. “इथे खड्डा तर दिसत नाही. बसू कशावर?”

अमात्य त्याच्याकडे आणि तो अमात्यांकडे पाहू लागला. शेवटी राजानेच त्याला पाटावर बसवून शांतपणे सगळे विचारून घेतले. तेव्हा उलगडा झाला. घाटावरचा तो देश विणकरांचा. तिथे बसणे म्हणजे खड्ड्यात पाय सोडून मागावर बसणे. ऐन लग्नसराईत तिथल्या विणकराला जेवायलाही उसंत नसते. सरकारला कापड हवे असेल, असे समजून हा एकटा नमुने घेऊन आला होता.

“आणि ते वडाखाली उभे असतात ते?” राजाने विचारले.

“त्यांना काम नाही, महाराज. कोणी कामाला बोलावील, म्हणून ते उभे राहतात.”

अंगणात कोणी हसले नाही, कारण राजा हसत नव्हता. अमात्यांनी पागोट्याला हात घातला. राजाने त्यांना थांबवले.

“ते असू द्या. तुमच्या पागोट्याने बांधाचे भगदाड भरायचे नाही. परत जा. मात्र या वेळी पायी जा, आणि वही इथेच ठेवा.”

अमात्य पायी घाट चढले. तिसऱ्या दिवशी वडाजवळ पोहोचले, तेव्हा टाचा फुटल्या होत्या आणि पोटात कावळे ओरडत होते. तिथे ठकूबाई नावाची म्हातारी भाकऱ्या विकत असे. तिने त्यांना भाकरी दिली आणि विचारले, “पालखी कुठे टाकलीत, कारभारी?”

अमात्य तीन दिवस तिच्या चुलीशेजारी बसले आणि आयुष्यात प्रथमच ऐकत राहिले. ठकूबाईला अक्षर येत नव्हते, परंतु तो देश तिला तोंडपाठ होता. ज्याला काम मिळाले तो सकाळी दोन भाकऱ्या बांधून नेतो, ज्याला मिळाले नाही तो दुपारी अर्धी मागतो, असे तिने सांगितले. काल तिने आठशे अर्ध्या विकल्या होत्या.

“मग यांना किती मजुरी देऊ?” अमात्यांनी विचारले.

“ते नंतर. आधी विचारा, घरी कधी परत जायचंय. प्रत्येकाचा शेताचा तुकडा आहे. वैशाख सरला की राजाने सोन्याची वीट दिली तरी एकही थांबायचा नाही.”

“वैशाखी पौर्णिमेला काम संपेल.”

“मग येतील. पण तुमच्याकडे खायला काय?”

“भात,” अमात्य अभिमानाने म्हणाले. “उत्तम, सुवासिक.”

ठकूबाईने कपाळावर हात मारला. “भातावर कुदळ उचलत नाही, बाबा. ही ज्वारीची माणसं आहेत. चौथ्या दिवशी घाट चढून परत येतील.”

म्हणून चारशे माणसांबरोबर चाळीस बैलांवर ज्वारी उतरली, आणि सर्वांच्या पुढे आपले जाते एका बैलावर लादून ठकूबाई उतरली. अमात्य तिच्या मागून चालत होते. दिसेल त्या वस्तूला इकडे काय म्हणतात, हे ते वाटेत इतक्या वेळा विचारीत की बैलवाल्यांनी त्यांच्यापासून अंतर ठेवले.

बांध चढू लागला. पौर्णिमेच्या सकाळी अवघे चार हात भगदाड उरले होते आणि भरती सुरू झाली होती. माती वाहणाऱ्यांची रांग अपुरी पडली. अमात्यांनी डोक्यावरचे पागोटे काढले, त्याची चुंबळ केली, तीवर मातीची पाटी घेतली आणि रांगेत शिरले. कोणी त्यांना ओळखले नाही, त्यामुळे काम अडले नाही.

दुपारी उधाण आले. पाणी बांधाच्या कडेला लागले, थोडा वेळ तिथेच घुटमळले, आणि ओसरले. सात गावे कोरडी राहिली.

राजा बांधावर आला. चिखलाने माखलेले, धापा टाकणारे अमात्य त्याला रांगेच्या शेवटी सापडले. त्यांनी पागोट्याची चुंबळ पुढे केली, राजाने ती परत त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि मायेने म्हटले, “अमात्य, दमलात. आता बसा.”

अमात्यांनी हात जोडले. “बसतो, महाराज. पण आधी सांगावे, कोणत्या अर्थाने?”

तात्पर्य : परक्या देशाची माणसे हवी असतील, तर आधी त्यांचे शब्द समजून घ्यावेत, डोकी मग मोजावीत.

हे प्रकरण विकारी नाम संवत्सरात, वैशाख शुद्ध पौर्णिमेस, ओहोटी लागल्यावर कायमचे मिटले.