पाच वाडग्यांचे विरजण

एकदा एक मुलगी दूरदेशी शिकून आपल्या गावी परत आली. तिचे नाव केतकी. गाव कोकणातले, खाडीच्या काठचे. खालची वाडी पाण्यालगत आणि वरची वाडी डोंगराच्या उतारावर. दोहोंना जोडणारी दगडी पायऱ्यांची पाखाडी. केतकीचे घर वरच्या वाडीत होते.

येताना तिने मनाशी एक चित्र आणले होते. गाव तहानलेले असेल, आपण ज्ञानाची घागर घेऊन जाऊ आणि घराघरांतून ओंजळी पुढे येतील, असे तिला वाटले होते. प्रत्यक्षात तिला आढळले ते वेगळेच. ओंजळी होत्या, प्रत्येक हातात फोनही होता. पण घागरीचे तोंड सुईच्या नेढ्याएवढे होते. साऱ्या घरात इंटरनेट येई ते माळ्यावरच्या पूर्वेकडील एका खिडकीत. तिथे वायफायची एक डबी ठेवलेली असे आणि घरातले सगळे फोन तिच्यावर चालत. डबीला रोजचा ठरलेला डेटा मिळे. तो संपला की नवा दिवस उजाडेपर्यंत साधा फोटोही उघडायला मागत नसे. आणि डेटा असला तरी त्या खिडकीतून एका वेळी एकच चेहरा धड दिसे. दुसऱ्याने बोलायला घेतले की दोन्ही चेहरे गोठत.

जिथे केतकी शिकली तिथे इंटरनेट हवेसारखे होते. हवा किती घेतली याचा हिशेब कोणी ठेवत नाही. त्यामुळे हिशेब ठेवायचा असतो, हेच तिच्या अंगवळणी पडले नव्हते.

तिचा संकल्प मात्र खरा होता. गावातल्या मोठ्या माणसांनी घरबसल्या शिकावे, यासाठी तिने धड्यांचे एक अ‍ॅप निवडले होते. त्यात आरोग्य होते, शेती होती, बँकेचे व्यवहार होते, इंग्रजी बोलणे होते. अ‍ॅप चांगले होते आणि चांगलेच जडही होते. आधी आपले घर नमुन्याचे करायचे, मग वाडी, मग गाव, असे तिने ठरवले होते. तिच्या विद्यापीठातले अध्यापक एके दिवशी सकाळी दहा वाजता व्हिडिओवरून ते नमुन्याचे घर पाहणार होते. त्यांना पसंत पडले तर तिच्या कामाला त्यांचा आधार मिळणार होता.

म्हणून आदल्या दिवशी सकाळी तिने घरातली सारी यंत्रे गोळा केली. तिचा स्वतःचा फोन, आईचा, रेवतीवहिनीचा, तात्यांचा आणि तिने येताना आणलेला टॅबलेट. पाचही खिडकीखाली ओळीने मांडले आणि पाचांवर एकाच वेळी अ‍ॅप उतरवायला लावले. कोणी मागे राहू नये, हा तिचा आग्रह होता. समता तिला प्राणाहून प्रिय होती.

"माझा फोन मला केव्हा मिळेल, वन्सं?" वहिनीने मध्येच एकदा विचारले.

"अगं, होईलच आता. तुझ्यासाठीच तर चाललंय."

 वहिनी लेकीला कडेवर घेऊन खाली गेली.

केतकीचा दादा जहाजावर होता. तो गेला तेव्हा लेक जन्मली नव्हती. आता ती बसायला लागली होती, भिंतीवरच्या पालीकडे बघून हसायला लागली होती. पण बापाने तिला पाहिले होते ते फोटोंतच. जहाज बंदराला लागले तरच तो फोन करू शके, आणि त्या दिवशी जहाज बंदराला लागायचे होते.

दुपारी दादाचा फोन आला. वहिनी धावत माळ्यावर गेली. पडद्यावर दादाचे अर्धे कपाळ उमटले आणि तसेच गोठून राहिले. क्षणभर ओठ हलल्यासारखे दिसले, आवाज आला नाही. वहिनीने पोरीला खिडकीपाशी उंच धरले, पुन्हा धरले. मग पडदा काळा झाला. खाली सूचना होती : आजचा डेटा संपला आहे.

बाकीच्या पडद्यांवर गोल गोल फिरणारी चक्रे थांबली होती. अ‍ॅप पाचही ठिकाणी निम्मेशिम्मे उतरले होते. पुरते एकातही नव्हते.

थोड्या वेळाने दादाचा नुसत्या अक्षरांतला निरोप कसाबसा येऊन पोहोचला. उद्या सकाळी दहाच्या सुमारास पुन्हा प्रयत्न करतो. दुपारी जहाज सुटेल. त्यानंतर बरेच दिवस नुसते पाणी.

वहिनीने तो वाचून केतकीला दाखवला आणि म्हणाली, "दहाला तुमचं काम आहे ना? मग असू दे. त्यांना कळवते मी."

 केतकी तडक ओटीवर तात्यांकडे गेली.

तात्या तिच्या आजोबांचे धाकटे भाऊ. गावच्या शाळेत त्यांनी जन्मभर शिकवले होते. केतकीचा पहिला 'ग' त्यांनीच गिरवून घेतला होता. ते सुपारी कातरत बसले होते.

"तात्या, इथं काही होणं शक्यच नाही," केतकी म्हणाली. "माझ्याकडे सगळं आहे. द्यायची तयारी आहे. पण या गावाला घ्यायची सोयच नाही. मी काय करू?"

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "घरात दही आहे का बघ."

"काय?"

"दही. रात्रीच्या भाताला."

दही संपले होते. विरजणापुरतेही उरले नव्हते. तात्यांनी तिला फळीवरचे पाच वाडगे काढायला लावले. त्या घरात प्रत्येकाचा दह्याचा वाडगा ठरलेला होता. तात्यांचा काशाचा, आईचा, केतकीचा, दादाचा, तो समुद्रावर असला तरी फळीवरून न हलणारा, आणि शेवटी रेवतीवहिनीने माहेरून आणलेला, काठाला पोचा आलेला. तात्यांनी पाचांत कोमट दूध ओतून घेतले.

"आता खालच्या वाडीत जनाकाकीकडे जा आणि विरजण आण. पण एका खेपेत एकाच वाडग्याचं. ते लावलंस की दुसऱ्याचं आणायला जा. असे पाचही."

"असं का?"

"आधी आण. मग विचार."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दूध नासवणार तुम्ही दोघं मिळून."

लहानपणीही तात्यांनी सांगितलेले काम आधी करायचे आणि अर्थ नंतर विचारायचा, अशीच शिस्त होती. केतकी पाखाडी उतरली. जनाकाकीने कुड्याच्या झाडाच्या पानावर चमचाभर दही दिले. ती वर आली, तात्यांच्या वाडग्यात विरजण लावले आणि पुन्हा उतरली.

"मघाचं काय मांजरानं चाटलं?" जनाकाकीने विचारले.

"नाही काकी, दुसऱ्या वाडग्याला हवंय."

जनाकाकीने तिच्याकडे नीट निरखून पाहिले आणि दिले. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "तुझा तात्या शाळेत असताना बरा होता गो. पेन्शनीत गेल्यापासून कायतरी बिघडलंय. घे."

चौथ्या खेपेला केतकीच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. ती खालच्या वाडीत पोहोचली तेव्हा जनाकाकी तुळशीपुढे दिवा लावून हात जोडत होती. केतकीने पान पुढे केले.

"आता नाय," जनाकाकी म्हणाली. "दिवेलागण झाली. विरजण उंबऱ्याबाहेर जायचं नाय. रागावू नको पोरी, तुझ्या आजीनंपण दिलं नसतं. उद्या ये."

केतकी रिकाम्या हातांनी वर आली. तीन वाडगे झाकलेले होते. दोन उघडे होते, त्यांतल्या दुधावर साय धरू लागली होती. 

"तात्या, मला क्षमा करा, पण यात काय अर्थ आहे? प्रत्येक वाडग्यासाठी एवढा डोंगर कशाला उतरायचा? एकदाच आणायचं. एका वाडग्यात लावायचं, ते नीट लागू द्यायचं. मग त्यातलंच चमचा चमचा बाकीच्यांना. घरातल्या घरात. पाखाडीचा संबंधच येत नाही. हे कोणालाही कळेल."

"बरोबर बोललीस," तात्या म्हणाले. "आता हेच वाक्य विरजण वगळून पुन्हा म्हण."

 केतकी हळू आवाजात, एकेक शब्द चाचपत म्हणाली, "एकदाच आणायचं. एकात पुरतं उतरू द्यायचं. मग त्यातून बाकीच्यांना. घरातल्या घरात."

दोन फोन शेजारी ठेवले की एकातले अ‍ॅप दुसऱ्याला देता येते, त्याला खिडकी लागत नाही, डबी लागत नाही, हे तिला चांगले ठाऊक होते. पण ती शिकली तिथे इंटरनेटची खाडी प्रत्येकाच्या दारात भरून वाहत होती, त्यामुळे हे करायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती. माहीत असलेली गोष्ट गरजेच्या वेळी आठवली नव्हती, इतकेच.

ती ओटीच्या कडेवर बसली. तात्यांनी बोलायला घेतले. शाळेतल्यासारखेच, आवाज न चढवता.

"पोरी, खिडकी लहान आहे ही तक्रार खोटी नाही. ती मोठी व्हायला हवी, त्यासाठी भांडही. पण लहान खिडकीतून पाच जणांनी एकदम डोकं घातलं, तर एकालाही आभाळ दिसत नाही. तू समान वाटलंस, हे खरं. अपुरं असलेलं समान वाटलं की सगळ्यांनाच अर्धवट मिळतं. आणि अर्धवट लागलेलं दही दूधही राहत नाही.

"आता दुसरं ऐक. दूर शिकलेल्या माणसाला एक भ्रम होतो. त्याला वाटतं, आपण गावासाठी दूध घेऊन आलो. अगं, दूध इथंच आहे. तुझ्या आईचं शहाणपण, रेवतीची चिकाटी, जनाकाकीची रीत, हे सगळं दूधच. तू आणलंस ते विरजण. त्याचं मोल कमी नाही, त्याच्यावाचून दही होत नाही. पण ते चमचाभरच घालायचं असतं. जास्त घातलं की आंबतं. आणि घातल्यावर झालं का, झालं का म्हणून भांडं हलवून बघायचं नसतं."

केतकीने मान खाली घातली होती. तात्यांनी काठीच्या टोकाने त्या दोन उघड्या वाडग्यांकडे दाखवले.

"कोणाचे राहिले?"

तिने पाहिले. एक दादाचा. दुसरा काठाला पोचा आलेला.

"ओळीत मी मुद्दाम शेवटी ठेवले नाहीत हो," तात्या म्हणाले. "फळीवर जसे असतात तसेच होते. तोच तर मुद्दा आहे. जे कधी आधी मागत नाहीत, ते कायम शेवटी असतात. आणि दिवेलागण नेहमी त्यांच्याच पाळीला होते. वाटणाऱ्याने रांगेचा शेवट आधी बघावा."

आत पाळण्याची दोरी कुरकुरत होती. वहिनी पोरीला जोजवत काहीतरी पुटपुटत होती. केतकीला शब्द ऐकू आले नाहीत, आणि ऐकायचे धाडसही झाले नाही. तिने त्या दोन वाडग्यांतले दूध पुन्हा तापवून झाकून ठेवले.

सकाळी ती लवकर उठली. तात्यांचा वाडगा उघडून पाहिला. दही घट्ट लागले होते. चमचा उभा राहावा असे. त्यातले थोडे काढून तिने उरलेल्या दोन वाडग्यांतले दूध कोमट करून त्यात कालवले, झाकणे ठेवली आणि वाडगे चुलीमागच्या उबेला सरकवले.

मग ती माळ्यावर गेली. नव्या दिवसाचा डेटा डबीत आला होता. थांबलेली चक्रे पाचही पडद्यांवर पुन्हा फिरायला लागण्याच्या बेतात होती. तिने ती एकेक करून थांबवली. आपोआप उतरणारे, आपोआप नवे होणारे जे जे होते, ते सारे बंद केले. आईचा फोन, तात्यांचा फोन, टॅबलेट, हे बंद करून ठेवले. अ‍ॅप एकाच पडद्यावर उतरवायचे, तेही जहाज सुटल्यानंतर. आणि आधी कोणता धडा कोणाला हवा आहे, हे प्रत्येकाला विचारायचे, असे तिने ठरवले. इतके दिवस तिने ते एकदाही विचारले नव्हते.

राहिला तिचा स्वतःचा फोन. दहाला तो खिडकीत असायला हवा होता. समोर तिचे अध्यापक, त्यांचा आधार आणि तिने दोन वर्षे उराशी बाळगलेला आराखडा. आज न दाखवले तर ते पुन्हा वेळ देतील की नाही, तिला ठाऊक नव्हते.

खालून वहिनीचा आवाज आला. ती पोरीला काजळ लावत होती. "नको गं हलूस. बाबा बघणार नाहीत हां मग." मग स्वतःशीच, "दिसलं तर."

केतकी जिन्याच्या तोंडाशी गेली. "वहिनी, लेकीला घेऊन वर ये. खिडकी तुझी आहे."

"आणि तुमचं काम, वन्सं?"

"माझं लागायचंय अजून."

वहिनी वर आली. केतकीने तिला खिडकीपाशी पाट दिला, तिचा फोन हातात दिला आणि स्वतः बाजूला सरून आपल्या फोनवर अध्यापकांना चार ओळी लिहिल्या. आजची भेट होऊ शकणार नाही. माझ्या घरी दाखवण्यासारखे अजून काही नाही. विरजण लावले आहे. ते लागेपर्यंत भांडे हलवू नये, अशी आमच्याकडे रीत आहे.

निरोप गेल्याची खूण उमटली. तिने आपला फोन बंद केला.