खऱ्याचा धोंडा

मी उभ्या जन्मात एकदाही खोटं बोललेलो नाही. हे झालं पहिलं. चौथीच्या परीक्षेला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा बसूनच राहिलो, हे मात्र खरं आहे. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या असतील त्यांनी काढाव्यात, गोष्ट ऐकायची असेल त्यांनी पुढं सरकावं.

तर फार पूर्वी, म्हणजे माणसं आजच्यासारखीच होती तेव्हा, एका गावात एक धोंडा होता.

देवळासमोर होता. काळा, गुडघाभर उंच, वर दोन पावलं मावतील एवढा सपाट. गावाची श्रद्धा अशी, की या धोंड्यावर उभं राहून जो खोटं बोलेल त्याची जीभ सात दिवसांत झडेल. कोणाची झडलेली कोणी पाहिली नव्हती, कारण धोंड्यावर उभं राहून कोणी खोटं बोललंच नव्हतं. आज्या-पणज्यापासून नाही. परगावचे लोक गाड्या जुंपून धोंडा बघायला येत, नारळ फोडत आणि म्हणत, काय गाव आहे हो, सत्याचं माहेरघर.

माहेरघरच होतं. सत्य तिथं सणावारी यायचं. बाकीचे दिवस सासरी.

कारण धोंड्यावर खोटं चालत नाही म्हटल्यावर बाकी सगळीकडे चालतं, हे गावाच्या आपोआप ध्यानात आलं होतं. गवळी दुधात पाणी घाली, पण धोंड्यावर उभा राहून घालत नसे. मुलाचं लग्न जमवताना बाप पाहुण्यांना देवळासमोर आणी, एक पाय धोंड्यावर ठेवी, एक खाली, आणि सांगे, पोरगा दारूला शिवत नाही. दोन्ही पाय वर, त्याला त्या गावात धर्म म्हणत. एक वर एक खाली, तो व्यवहार. आणि दोन्ही पाय खाली ठेवून धोंड्याकडे नुसता हात करायचा, त्याला काय म्हणत ते मी सांगत नाही, पण ते करणाऱ्याला पाटील म्हणत.

कोणी वाटेत भेटून 'जेवून जा' म्हणालं, की दुसरा विचारी, "धोंड्यावरचं का खालचं?" पहिला हसून म्हणे, खालचं. मग दोघंही पोटभर हसत आणि पाहुणा उपाशी घरी जाई. एकदा वाण्यानं भर दुपारी 'आग, आग' म्हणून ओरडून बघितलं, कोण काय घेऊन पळतं ते बघायला. पहिल्या वेळी अर्धं गाव पळालं. त्यानंतर कोणी आग म्हणालं तरी लोक कूस बदलून झोपत.

धोंड्यावर चढायचा मान फक्त सात घरांचा. त्यातही पुरुषांचा, त्यातही आंघोळ करून ओल्या सोवळ्यानं. बाकीच्यांनी लांबून हात जोडायचे.

गावाच्या एका अंगाला, जरा उंचावर, तलावाचा बांध होता आणि बांधाखाली एक आळी. परीट, कुंभार, बुरूड असे लोक राहत. त्यांतल्या कोणाला धोंड्यावर चढायची परवानगी नव्हती. त्यामुळे बिचाऱ्यांची मोठी अडचण झाली होती. खरं ठेवायला वेगळी जागाच नाही म्हटल्यावर त्यांना ते सगळीकडे बरोबर घेऊन हिंडावं लागे. आळीत कोणी 'साप' म्हणालं, की चार माणसं काठ्या घेऊन येत. कुठं उभा राहून म्हणालास, असं कोणी विचारत नसे.

त्या आळीत एक म्हातारी परटीण होती. बांधाच्या पायथ्याशी एक बारीक पाझर होता, त्याचं पाणी डोळ्यासारखं निर्मळ. तिथल्या दगडावर ती चाळीस वर्षं साऱ्या गावाची धोतरं-लुगडी आपटत आली होती. फक्त पुजाऱ्याच्या सोवळ्याला तिनं कधी हात लावला नव्हता. ते पुजारी स्वतः धूत असे आणि कोणाचा वारा लागणार नाही अशा उंच दांडीवर वाळत घालत असे.

त्या वर्षी भादव्यात सात दिवस पावसानं तोंड मिटलं नाही. तलाव काठोकाठ भरला. जास्तीचं पाणी निघून जायला बांधाच्या कडेला सांडवा असतो, पण पाटलानं आपल्या उसाला पाणी राहावं म्हणून त्याच्या तोंडाला फळ्या ठोकल्या होत्या. आठव्या दिवशी धोंड्याचा उत्सव होता. सकाळी परटिणीनं पाटलाचं पांढरं धोतर पाझरात बुडवलं आणि वर काढलं, तर ते तांबूस. तिला वाटलं, हात घाणेरडे असतील. हात धुतले, पुन्हा बुडवलं. आणखी तांबडं. तिनं ओंजळभर पाणी घेऊन बघितलं. तळाशी माती.

चाळीस वर्षांत त्या पाण्यात माती आली नव्हती. म्हणजे पाणी आता नुसतं पाझरत नव्हतं, बांधाचं पोट खाऊन बाहेर येत होतं.

ती आधी आळीत गेली आणि म्हणाली, बांध पोखरलाय, माळावर चला. आळी उठली. तिची लेक पाच दिवसांची बाळंतीण होती. चौघांनी बाज खांद्यावर घेतली, पाचव्यानं तान्ह्याला टोपलीत घातलं. कोंबड्या, शेळ्या, कुंभाराचं चाक, सगळं माळाला लागलं. पण घरं काही टोपलीत मावत नाहीत. सांडव्याच्या फळ्या निघाल्या, तर पाणी उतरेल, बांध तगेल आणि आळीही राहील. फळ्या काढायला दहा गडी लागणार होते आणि पाटलाचा हुकूम. म्हणून ती ओलं धोतर तसंच खांद्यावर टाकून देवळाकडे निघाली.

देवळासमोर अवघं गाव जमलं होतं. पाटील नुकताच धोंड्यावर चढून 'मी गावाचं वाईट चिंतणार नाही' असं बोलून खाली उतरला होता. उतरल्यावर तो दरवर्षी आणखी एक वाक्य बोलत असे, की यंदा बांधाला माती घालीन. हे त्याचं नववं वर्ष. टाळ्या चालू होत्या.

परटीण अंगणाच्या कडेला उभी राहिली. "पाटील, बांधातनं माती यायला लागलीय. सांडव्याच्या फळ्या काढायला माणसं द्या. दिवस मावळेपर्यंत बांध राहत नाही."

पाटलानं मान तिरकी केली. "म्हातारे, हे धोंड्यावरचं का खालचं?"

"मला चढू कुठं देता?"

"मग खालचंच झालं की."

अंगण हसलं. वाणी तर एवढा हसला, की त्याला ठसका लागला. त्याला वाटलं, आपली आगीची थट्टा कोणीतरी पाण्यात करून दाखवतंय. परटिणीनं खांद्यावरचं धोतर उलगडून धरलं. हे तुमचंच आहे, म्हणाली, रंग बघा. पाटलानं लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "डाग राहिलाय. नीट धुऊन आण."

मग ती म्हणाली, बरं, मी नाही चढत. सात घरांतल्या कोणीतरी चढा आणि माझ्या वतीनं सांगा.

पाटलानं न्याय म्हणून सातही घरांना विचारलं, स्वतःच्या घराला धरून. पहिला म्हणाला, मी डोळ्यांनी बघितलेलं नाही, धोंड्यावरून कसं सांगू? दुसरा म्हणाला, जिभेचा प्रश्न आहे. तिसऱ्यानं नुसते कान धरले. सातही जणांनी नकार दिला, आणि सातही जण मनापासून बोलत होते. इतकी सत्याला जपणारी माणसं एका जागी उभी असलेली मी पुन्हा ऐकली नाहीत.

सातवा होता पुजारी. माणूस वाईट नव्हता. आता वाईट माणसाबद्दल गोष्ट सांगणं सोपं असतं. हा मध्ये येतो म्हणून माझी पंचाईत होते. तो तिच्यापासून चार हात अंतर ठेवून हळूच म्हणाला, "बाई, नैवेद्य होऊ दे. मी स्वतः येऊन बघतो. बघितलं, की लगेच धोंड्यावर चढून सांगतो."

"तोवर पाणी थांबेल होय? तुमचा शब्द मोठा आहे. आत्ता खालूनच सांगा की त्यांना."

पुजारी खिन्न हसला. "खालून सांगितलेलं या गावात कोण ऐकतं?"

परटीण माळावर परत गेली.

नैवेद्य झाला, आरती झाली, दुसरी आरती झाली, कारण पाटलाच्या जावयाला पहिली सापडली नव्हती. मग पुजारी निघाला. बघायला जातो म्हणाला होता आणि गेला. खालून दिलेला शब्द पाळणारा त्या गावात तो पहिलाच. आता असं म्हणतात, की जेवायची पानं मांडली होती आणि बायको नको म्हणत होती. सोवळं बदलायलाही तो थांबला नाही.

बांधापाशी त्यानं पाझर बघितला. आता तो पाझर राहिला नव्हता. मांडीएवढी तांबडी धार बाहेर पडत होती. पुजारी मागं फिरला आणि सोवळं वर खोचून धोंड्याकडे पळत सुटला. वाटेत त्याला चिंचेखाली तिघं बसलेले भेटले. तो ओरडला, बांध गेला, पळा.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. एकानं विचारलं, "पुजारीबुवा, धोंड्यावरचं का खालचं?"

तो तसाच पुढं पळाला. त्या तिघांतला एक चिंचेवर चढून वाचला, म्हणून हे आपल्याला ठाऊक. तो सांगे, पुजाऱ्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. पुजाऱ्याला ठाऊक होतं, की वाटेत थांबून पटवण्यात अर्थ नाही, धोंड्यावर पाय ठेवल्याशिवाय त्याच्या तोंडातून काहीही निघालं तरी तो वारा आहे. धोंडा चाळीस पावलं राहिला होता तेव्हा पाणी मागून आलं.

बांधाखालची आळी गेली. घराच्या जागी घर कुठं होतं तेही कळेना. माणसं मात्र मोजली तर सगळी माळावर होती, शेळ्यांसकट. बाकी गावातली अकरा माणसं गेली. पेवांत पाणी शिरून धान्य कुजलं. पाटलाचा ऊस आडवा झाला. धोंडा मात्र तसूभर हलला नाही. पाणी ओसरल्यावर तो धुतल्यासारखा लखलखीत दिसत होता, आणि लोकांनी आधी त्यालाच हात जोडले, मग आपापली माणसं शोधायला गेले.

तिसऱ्या दिवशी पुजाऱ्याचं सोवळं एका बाभळीला अडकलेलं सापडलं. काट्यांतून ते परटिणीनं सोडवलं. धुतलं, घडी घातली आणि त्याच्या बायकोच्या हातात नेऊन दिलं. तिनं ते तसंच उराशी धरलं. त्या दिवशी शिवाशिवीचं कोणी काढलं नाही.

पुढं राजाचा कारभारी चौकशीला आला. त्यानं विचारलं, एवढा मोठा बांध जातो, गावाला आधी कोणी सांगितलं नव्हतं?

पाटलानं आंघोळ केली. ओलं सोवळं नेसून तो दोन्ही पायांनी धोंड्यावर चढला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "या धोंड्यावरून आम्हांला कोणीही काहीही सांगितलेलं नाही."

तंतोतंत खरं होतं. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. कारभाऱ्यानं लिहून घेतलं, पाटलाच्या खांद्यावर शाल घातली आणि धोंड्यापुढं नारळ फोडून निघून गेला. गावानं सात दिवस पाटलाच्या जिभेवर डोळा ठेवला. ती जागेवर होती. आठव्या दिवशी ती नव्या बांधाबद्दल बोलायला लागली. खालून.

आता मुलांनो, आणि हे पुढं दहा जणांना पाठवणाऱ्या मोठ्यांनो, तात्पर्य ऐकून ठेवा. ते शेवटी सांगायची रीत आहे, पण शेवटचा शब्द मला मिळालेला नाही, म्हणून आत्ताच सांगतो. तात्पर्य: खऱ्याला एकच जागा राखून ठेवली, की बाकीच्या सगळ्या जागी आपली मदतीची हाकसुद्धा खोटी पडते. पटलं तर घ्या. मी हे खुर्चीवर बसून सांगतोय, धोंड्यावर उभा नाही.

शेवटचा शब्द असा. महिन्याभरानं पाटील माळावर आला. आळीनं तिथं नवी छपरं उभी केली होती आणि परटीण एका नव्या दगडावर कपडे आपटत होती. पाटलाला रात्री झोप लागत नाही, असं लोक म्हणत. खालून म्हणत, त्यामुळे खरं-खोटं देव जाणे. तो तिच्या दगडाजवळ आला. मग म्हणाला, "म्हातारे, आम्ही सात घरांनी बसून ठरवलंय. आठवा मान तुझ्या घराला द्यायचा. पुन्हा कधी असं काही दिसलं, तर खुशाल येऊन धोंड्यावर चढ आणि सांग. सारं गाव ऐकेल."

परटिणीनं हातातलं धोतर पिळलं, झटकलं आणि दोरीवर टाकलं.

"नको, पाटील. आज मी कुठूनही हाक मारली, तरी माझी आळी उठून उभी राहते. एकदा मी तुमच्या धोंड्यावर चढले, की उद्या तीही मला विचारील, म्हातारे, धोंड्यावरचं का खालचं?"