झपाट्याची चाळीस कातडी

त्या प्रदेशात मुंगसाचे मोठेपण कातड्यांवर मोजले जाई. साप मारला की कातडे बाभळीवर टांगायचे आणि मुंडके वारुळात टाकायचे, अशी रीत होती. मेलेल्या वैऱ्याच्या तोंडात डोकावणे खालच्या खाचरांत अशुभ मानीत.

झपाट्या नावाच्या तरुण मुंगसाची बाभळ चाळीस कातड्यांनी वाकली होती. इतकी कातडी कुणाच्या पणजोबानेही टांगली नव्हती. वरच्या खडकाळ माळाची घोरपड दरसाल राखणदार न्यायला येत असे, ती यंदा थेट त्याच्याच बाभळीखाली थांबली. माळावरच्या बिळांतल्या सगळ्या पिल्लांचा जीव राखणदारावर असे. मागचा राखणदार परतला नव्हता आणि त्याचे नावही कुणी काढीत नसे.

घोरपडीने कातड्यांकडे पाहिलेच नाही. वारुळापाशी जाऊन तिने नखांनी माती उकरली. म्हातारी मुंगसे हां हां म्हणत धावली, पण तोवर मुंडकी उन्हात मांडून झाली होती. तिने एकेक जबडा उघडला. दात सगळे बारीक, बेडूक-मासे धरायचे. विषाचा दात एकातही नव्हता.

"चाळीस आहेत, मोजून घ्या," खाचरांचा म्होरक्या नखरू फणकाऱ्याने म्हणाला. "साप तो साप. आमचा झपाट्याच जाणार."

खाचरांनी दिलेला राखणदार नाकारायचा अधिकार घोरपडीला नव्हता. तिने झपाट्याला बाजूला घेतले आणि यातला एक तरी अंगावर आला होता का, एवढेच विचारले. एकही आला नव्हता. सगळे पळत होते आणि त्याने मागून मान धरली होती. आजवर त्याला तेच कसब वाटत आले होते.

"मला नाही म्हणता येत," घोरपड हळूच म्हणाली. "तुला येतं. नको म्हण, बाळा."

त्याला नको म्हणायचे होते. अगदी मनापासून म्हणायचे होते. पण पलीकडे आई शेजारणींना एकेक कातडे दाखवीत होती, आणि कोणते कोणत्या दिवसाचे हे तिला पाठ होते.

"येतो," झपाट्या म्हणाला. ते त्याला दोनदा म्हणावे लागले.

माळावर तिसऱ्या दिवशी सकाळी कपारीतून साप निघाला. मागच्या बिळातली पिल्लांची चुळबुळ एकदम थांबली. झपाट्या नेहमीप्रमाणे दबून बसला. साप पळेल, मग मान समोर येईल, असे त्याने स्वतःला बजावले.

साप पळाला नाही. तो जागीच थांबला आणि सावकाश जमिनीवरून उभा राहू लागला.

साप उभा राहतो हे झपाट्याला ठाऊकच नव्हते. मान शोधायला त्याने नजर वर नेली, मग आणखी वर नेली.