क्यू मागे गेल्यावर

१९ जुलै, शनिवार. आभाळ सकाळपासून भरलेलं, पण पाऊस नाही. हवा दमट. टेबलावरचं हिरवं कापड जड झालेलं, चेंडू नेहमीपेक्षा आखूड धावत होते.

“मग खरा स्ट्रोक कुणाचा, उस्ताद?”

निशिकांत आरवाडेने पुन्हा तेच विचारलं. सांगलीच्या एका जुन्या क्लबात, स्नूकरच्या खोलीत, ते दोघंच होते. उद्या राज्य संघाच्या निवडीचा सामना. निशिकांतचं वय पाहता यानंतर बोलावणं येणार नव्हतं.

मुजावर उस्ताद खिडकीपाशी बसून क्यूच्या, खेळायच्या लांब काठीच्या, टोकाला खडू लावत होते. एके काळी ते राज्याचे विजेते होते.

“इंदूरचा तो खेळाडू, हात आखडून ठोसा दिल्यासारखा मारतो,” निशिकांत म्हणाला. “बेंगळुरूचा क्यू हनुवटीला घासत लांबवर नेतो. कोलकात्याचा तर वाकला की मारूनच मोकळा. तिघंही जिंकतात. मी तुमचा घेतला. क्यू मागे न्यायचा, क्षणभर थांबायचं, मग सोडायचा. लोक म्हणतात, लांबून बघितलं तर मुजावरच वाटतात.”

“लोकांचं सोड. मागच्या सामन्यात ब्लॅक, शेवटचा काळा चेंडू, का चुकलास?”

“थांबलो तेव्हा... मनात काहीतरी आलं.”

“येणारच. रिकामी जागा दिसली की येतं.”

“तुमच्या मनात काय असायचं, उस्ताद? त्या क्षणी?”

उस्ताद हसले. उठून टेबलावर वाकले. क्यू मागे गेला. थांबला.

निशिकांत वाट पाहत राहिला.

क्यूचं टोक बारीक थरथरत होतं... थरथर थांबेना.

उस्ताद सरळ झाले. चेंडू होता तिथेच होता.

“पूर्वी थांबायची,” ते म्हणाले. “विशीपासून आहे. थांबेपर्यंत वाट बघायचो, मग मारायचो.”

“म्हणजे तो क्षण...”

“इंदूरवाल्याचा खांदा निखळलेला आहे. कोलकातावाल्याला जास्त वेळ वाकलं की धास्ती वाटते. जो तो आपलं दुखणं झाकतो, लेका. बघणारे त्याला स्टाईल म्हणतात.”

निशिकांतने आपला उजवा हात समोर धरला. तो जरासुद्धा हलत नव्हता.

“मग माझं दुखणं कोणतं?”

“मला काय ठाऊक? इतकी वर्षं तू माझंच मिरवतोयस.”

निशिकांतने हात खाली घेतला.

“आधी का नाही सांगितलंत?”

“तू माझ्यासारखा दिसायचास. मला बरं वाटायचं.”

बाहेर अंधारून आलं. दिवा लावायला कुणी उठलं नाही.

“उद्या कसा खेळू, उस्ताद?”

“उघडा पड.”

रविवारी निशिकांत आरवाडे तीन विरुद्ध चार फ्रेमनी, एका डावाने, हरला. राज्य संघात त्याला हरवणाऱ्या नागपूरच्या खेळाडूची निवड झाली.