तेल पोचेपर्यंत

एका धरणावर एक वृद्ध यंत्रज्ञ आणि त्यांचा शिष्य काम करीत. वृद्धांना सारे बापू म्हणत. धरणाचे लोखंडी दार विजेच्या मोटरवर चाले. मोटर तेल ढकली आणि त्या तेलाच्या दाबाने दार उचलले जाई. दार ठरलेल्या उंचीच्या खुणेपासून ढळले की मोटरला आपोआप हुकूम सुटे.

एके दिवशी दार खुणेवर ठरेना. वर जाई, खाली येई, थरथरे. शिष्य हुशार, म्हणजे अर्थातच उतावळा. त्याने हुकमांचा जोर वाढवला. थरथर वाढली, तसा त्याने आणखी वाढवला.

त्याचे मन थाऱ्यावर नव्हतेच. दोन महिन्यांपूर्वी त्याची मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली. तेव्हापासून पत्नी हेमांगी गप्प होती. तिने सावरावे म्हणून त्याने पाळणा देऊन टाकला, तिला सहलीला नेले, शिवणाच्या क्लासात घातले. रोज संध्याकाळी तिचा चेहरा न्याहाळायचा आणि सकाळी नवा उपाय काढायचा. आज सकाळीच ती म्हणाली होती, "उद्या मी माहेरी जाते. इथं मला श्वास घेता येत नाही." ती परत येणार नाही, या भीतीने त्याला ग्रासले होते.

बापू आले. त्यांनी जोर निम्म्याहून खाली आणला. दार सावकाश चढले आणि खुणेच्या चार बोटे खालीच रेंगाळले. शिष्याचा हात पुढे झाला, तसे बापूंनी त्याचे मनगट धरले.

"बापू, कमी पडतंय."

"दिसतंय मला. बस जरा."

दोघे बसून राहिले. दार कणाकणाने सरकत खुणेवर आले आणि तिथेच स्थिरावले.

"मोटर लगेच ऐकते रे," बापू म्हणाले. "पण तेल आधी किंचित दबतं, नळीतून जातं, मग दार हलतं. तू तिला इतकी उतावळी केलीस, की पहिला हुकूम दाराशी पोचायच्या आत ती दुसरा पाळायला धावते. दारात काही बिघाड नव्हता. ते आपल्या हुकमांनीच थरथरत होतं."

शिष्याने मान खाली घातली. त्याच्या घरचे बापूंना काहीच ठाऊक नव्हते.

संध्याकाळी हेमांगी पिशवी भरत होती. आपण गावच बदलू, हे त्याच्या अगदी ओठांवर आले होते. ते त्याने गिळले आणि तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. चहा निवून गेला. बऱ्याच वेळाने तिचे हात थांबले.

"बारसं झालंच नाही तिचं," ती म्हणाली. "मी काय नाव ठरवलं होतं, ते कुणी विचारलंसुद्धा नाही."

"काय ठरवलं होतंस?"

"मृण्मयी."

ते नाव त्याने उच्चारायला घेतले, पण पुरे म्हणता येईना. ती रडू लागली. रडू नकोस, असे तो या वेळी म्हणाला नाही.

सकाळी ती माहेरी गेलीच. एसटीत चढण्याआधी मात्र वळून म्हणाली, "रविवारी ये. काही आणू नकोस, काही ठरवून येऊ नकोस. नुसता ये."